खताच्या पिशव्यांची भिंत

बाईंचा डावा हात वर गेला की खोलीतली सगळी माणसं श्वास रोखून धरायची. पाची बोटं पसरलेली, तळवा आमच्याकडे, मान बाळंतिणीच्या पोटावर वाकलेली आणि कानाला ॲल्युमिनियमची नळी. "थांबा. आइकू द्या मले." एवढंच म्हणायच्या. शेवंता मावशी ही आमची आया. तिच्या हातातली बादली तिथल्या तिथे थांबायची. दारातली सासू जप थांबवायची. खुद्द कळा देणारी बाईसुद्धा ओठ दाबून धरायची. एवढी हुकमत मी पुढे कुठल्या साहेबाची पाहिली नाही.

ती नळी म्हणजे धोत्र्याच्या फुलाच्या घाटाचं वीतभर नळकांडं. रुंद तोंड पोटावर टेकवायचं, चपट्या बाजूला कान लावायचा आणि हात काढून घ्यायचा. मग आत बाळाचं काळीज चालतं ते ऐकू येतं, उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखं. कळ येते तेव्हा ते जरा मंद होतं आणि कळ ओसरली की पुन्हा आपला ठेका धरतं. धरलं नाही तर समजायचं की बाळ आत गुदमरतंय, आणि धावपळ करायची. दुसरं कुठलंही यंत्र आमच्याकडे नव्हतं. बाळ हाती लागणार की नाही, हे त्या नळीवर आणि बाईंच्या कानावर होतं.

आणि आमच्या प्रसूतिगृहाला लागून कापसाच्या जिनिंगचा कारखाना होता.

गावाचं नाव सांगत नाही. मलकापूर आणि मोताळ्याच्या मधलं कुठलं तरी कापसाचं गाव समजा. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी नाशिककडची, नुकतीच शिक्षण संपवून आलेली नर्स, आणि 'मले-तुले' ऐकलं की तोंडाला पदर लावून हसणारी. बाईंनी पहिल्याच दिवशी पकडलं. "काऊन हसून राह्यली?"

"काही नाही, बाई."

"हास. तीन महिन्यानं तूबी अशीच बोलशीन."

मला दोनच महिने लागले.

बाई म्हणजे तिथल्या मोठ्या नर्स. पन्नाशीच्या आसपास, उंच, काटकुळ्या, पिंपळगाव राजाच्या वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरातल्या. दर सोमवारी त्यांचा भाऊ एसटीच्या टपावरून वांग्यांची टोपली पाठवायचा आणि सोमवार ते गुरुवार आम्ही सगळे वांगी खायचो. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. गावात त्यांना गर्विष्ठ समजत. रस्त्यात हाक मारली तर ओ देत नाहीत, नमस्कार केला तर बघत नाहीत, अशी तक्रार होती. खरं कारण मला आठवड्याभराने कळलं. कामावर नसल्या की त्या दोन्ही कानांत रुईचे बोळे घालून फिरत.

"कान राखून ठेवते मी," त्या म्हणाल्या. "वासरासाठी दूध राखते का नाई माणूस, तसं. दिवसभर त्या धडधडीत कान खर्चून टाकला तं पोटातल्या लेकराले काय उरन?"

आता तुम्ही विचाराल की असल्या जागी प्रसूतिगृह बांधलं कोणी. तर गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी बांधलं. जिनिंगचे मालक शेठजी, मनाने उदार. त्यांनी जिनिंगच्या कुंपणालगतची पट्टी फुकट दिली. प्रसूतिगृहाच्या कमिटीची मंडळी जागा बघायला गेली ती श्रावणात. श्रावणात कापूस शेतात असतो आणि जिनिंगला कुलूप असतं. कडुनिंबाची झाडं, पोपट, गार वारा. सगळे म्हणाले, वा, काय शांत जागा आहे, बाळंतिणीला अशीच पाहिजे. नारळ फुटला. ज्यांची हयात कापसात गेली, ज्यांची घरंदारं कापसावर उभी राहिली, त्या वीस-पंचवीस माणसांपैकी एकालाही आठवलं नाही की दिवाळीनंतर इथे काय होतं. हे मी पुढे बाईंना हसत हसत सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "हसू नको. नारळ फोडाले मीबी होती. पेढाबी खाल्ला."

माझी पहिली दिवाळी झाली आणि पाडव्याला भोंगा वाजला. त्यानंतर होळीपर्यंत आमच्या खोलीतली पाण्याची वाटी कधी स्थिर दिसली नाही. आधी इंजिन, मग सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची रांग, वर पत्र्याचं छप्पर. सगळं मिळून एकच घरघर, आणि मध्येच रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा दणका. बोलायचं तर कानाशी जाऊन बोलायचं. बाळ रडतंय हे त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. आणि नळी लावली की बाळाच्या काळजाऐवजी जिनिंगच ऐकू यायची. खाट लोखंडाची, फरशी दगडाची. आवाज नुसता हवेतून येत नव्हता, तो पायांतून चढायचा.

त्या हिवाळ्यात धामणगाव बढ्याची एक पहिलटकरीण आली. अंगाने चांगली, हसरी. सकाळपासून कळा होत्या, सगळं ठीक दिसत होतं. बाईंनी दर थोड्या वेळाने हात वर केला. खोली गप्प झाली, पण जिनिंग गप्प झाली नाही. एकदा त्या म्हणाल्या, ऐकू आलं वाटतं. मी कान लावला, मलाही आलंसं वाटलं. दुपारी बाळ झालं, गोरंपान, नाळेचे दोन वेढे मानेला. ते रडलं नाही. मी सवयीने त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण आवाज तसाही ऐकू येणार नव्हता.

मागच्या पायरीवर बसून बाई ती नळी राखेने घासत होत्या. चकचकीत झाली तरी घासत होत्या. मी जवळ जाऊन ओरडून म्हटलं, "बाई, आपण काही चुकलो नाही."

"तेच तं," त्या म्हणाल्या. "चुकलो असतो तं पुढच्या टायमाले सुधारलो असतो."

नवव्या दिवशी त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. अक्षर माझं चांगलं होतं. प्रसूतिगृह हलवावं, असा अर्ज. उत्तर आलं, निधी नाही. जिनिंगचं काम रोज काही वेळ थांबवावं, असा दुसरा. उत्तर आलं, अर्ज योग्य ठिकाणी करावा. योग्य ठिकाण कुठलं ते कोणी लिहिलं नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी बाई थेट शेठजींच्या पेढीवर गेल्या. शेठजींनी उठून खुर्ची दिली आणि म्हणाले, तुम्ही गच्चीवर लाल फडकं लावत जा, दिसलं की इंजिन बंद करायला सांगतो.

शब्दाचा माणूस होता. फडकं दिसलं की इंजिन थांबायचं. पण इंजिन थांबवायला दहा मिनिटं आणि चालू करायला अर्धा तास. पोटातलं बाळ काही एकदाच ऐकून भागत नाही, दर कळेनंतर ऐकावं लागतं. तिसऱ्या दिवशी कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार वेशीपर्यंत गेली. चौथ्या दिवशी गाडीवान आमच्या दाराशी आले. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाई, बैलं उपाशी हायेत जी कालपासून." बाईंनी स्वतः गच्चीवर जाऊन फडकं काढलं. खाली आल्यावर ते घडी करून कपाटात ठेवलं. पुन्हा कधी काढलं नाही.

भिंतीची कल्पना बांधकाम खात्यातल्या एका ओव्हरसियरची. त्याची बायको आमच्याकडे बाळंत झाली होती आणि जाताना तो बाईंचे आभार मानत होता. बाईंनी आभार बाजूला ठेवले आणि विचारलं, "आवाज कायनं अडते, ते सांगा." तो म्हणाला, वजनाने. जड, उंच आणि फट नसलेली भिंत पाहिजे, जिनिंग आणि खोलीच्या मध्ये. पण मधल्या पट्टीत पक्की भिंत बांधायला कमिटी तयार नव्हती. रुईचं गोदाम जवळ, आग लागली तर पाडून वाट करता आली पाहिजे. मग मातीची पोती रचा, तो म्हणाला. तागाच्या पोत्यांना आमच्याकडची वाळवी एक पावसाळा टिकू देत नाही आणि ठिणगी पडली तर ती पेटतात. यावर बाईंनी जे उत्तर काढलं, ते त्या काळात दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

तेव्हा संकरित ज्वारी नुकतीच आली होती आणि तिच्यामागून पांढरं खत आलं होतं. खताच्या तागाच्या गोणीत आतून प्लास्टिकची जाड पिशवी असायची. शेतकरी खत संपलं तरी ती पिशवी टाकत नसे. पावसात डोक्यावर घोंगता करायला तीच, बियाणं ठेवायला तीच, गळक्या छपराखाली लावायला तीच. पावसाळा संपला की धुऊन, घडी करून माळ्यावर. गावोगावी एकच बोललं जायचं, "पिलास्टिक सडत नाई, किडत नाई, माणूस मरन पण ते मरत नाई." हे आम्हालाही पटलं होतं. भिंतीच्या परवानगीसाठी केलेल्या अर्जात मी स्वतः लिहिलं होतं, 'प्लास्टिक हे कायम टिकणारे असल्यामुळे'. ते वाक्य मला अजून टोचतं.

आमच्याकडची रीत अशी की मुलगा झाला तर पेढे वाटायचे, मुलगी झाली तर बर्फी, आणि काही घरांतून मुलगी झाली तर नुसतं तोंड वाकडं. बाईंनी रीतच बदलून टाकली. पेढ्यांचा पुडा पुढे आला की त्या तो परत करायच्या.

"हे कायले? घरी खताच्या गोणीतली पिशवी हाये का? ते आना. पोरगा झाला तं एक, पोरगी झाली तं दोन."

"पोरीले दोन काऊन जी?"

"पोरीले या जगात जास्त आइकून घ्या लागते, म्हणून."

लोक हसायचे आणि पिशव्या आणायचे. पुढच्या दसऱ्यापर्यंत आमची कपड्यांची खोली पिशव्यांनी भरली. एक दिवस एक म्हातारा बारा पिशव्यांची वळकटी घेऊन आला. मी विचारलं, कोणाकडे काय झालं? तो म्हणाला, धामणगाव बढ्याहून आलो. मग मी ओळखलं, त्या हसऱ्या पोरीचा सासरा. बाई उठून उभ्या राहिल्या. त्याने वळकटी त्यांच्या पायाशी ठेवली. "आमचं तं गेलं, बाई. दुसऱ्याचं नको जायाले." बाईंनी त्याला चहा दिला. दोघांनी समोरासमोर बसून तो प्याला.

माती नव्या विहिरीच्या खोदकामातली, काळी आणि चिकट. ती भरायला हात लागले जिनिंगमधल्या रेजांचे, म्हणजे रुई वाहणाऱ्या मजुरणींचे. जिनिंग अजून बंद होती, म्हणून त्या शेतात कापूस वेचायला जायच्या; वेचणी आटोपली की केसांत कापूस तसाच घेऊन यायच्या आणि घमेली उचलायच्या. त्यांची बाळंतपणं आमच्याकडेच व्हायची. एक जण म्हणाली, "बाई, मले तं जिनिंग बंद झाली का झोपच येत नाई." सगळ्या खिदळल्या. बाई हसल्या नाहीत. तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "तुले तुह्या लेकराचं रडणं आइकू येते का?" ती अजूनही हसत होती, पण तिने मान हलवली नाही.

खाली चार पिशव्या रुंद, वर निमुळती, बाजूंना बल्ल्या आणि बांबूचा आधार, अशी माणूस-दीड माणूस उंचीची भिंत उभी राहिली. सकाळच्या उन्हात ती निळसर पांढरी चमकायची. आसपासची माणसं बघायला यायची, बोट लावून बघायची, आणि बाई त्यांच्या हातावर चापट मारायच्या.

पाडव्याला भोंगा झाला, इंजिन सुरू झालं. एक बाई खाटेवर होती. बाईंनी हात वर केला. आम्ही सगळे पुतळे झालो. घरघर होती, पण दूर गेली होती, शेजारच्या गावात गेल्यासारखी. बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांचं उजवं बोट हलायला लागलं. खाटेच्या कडेवर टक, टक, टक, टक. त्यांना ऐकू येत होतं आणि त्या आम्हाला ते वाजवून दाखवत होत्या. शेवंता मावशी रडायला लागली. बाई हात खाली घेऊन म्हणाल्या, "रडू नको, मले आइकू येऊन राह्यलं ना आता तुहं."

तो एकच हिवाळा आमचा चांगला गेला. माघात एका रात्रपाळीच्या रेजाचं बाळ मंद झालेलं त्यांनी वेळेवर ऐकलं, रुईच्या ट्रकमध्येच तिला घालून खामगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि ट्रक परत आला तेव्हा ड्रायव्हरने खिडकीतून दोन बोटं दाखवली. दोन म्हणजे माय आणि लेकरू, दोघंही. बाईंनी त्या दिवशी कधी नव्हे ते स्वतःच्या पैशाने पेढे आणवले.

मग चैत्र आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायची गरज नाही. आधी भिंत पिवळसर झाली. मग एक दिवस मी सहज पिशवीवर हात ठेवला आणि ती पापडासारखी मोडली. बोटाला पांढरे कपचे लागले. शेतकऱ्याने ती पिशवी पावसात वापरली होती, घरात वापरली होती, माळ्यावर ठेवली होती. सबंध उन्हाळा उन्हात ठेवून कोणी पाहिलीच नव्हती. जे सडत नाही ते उन्हानेही मरत नसणार, असं सगळ्या जिल्ह्याने धरून चाललं होतं, आणि आम्ही त्यावर भिंत रचली होती.

वैशाखात जिनिंग बंद असते. भर दुपारी सगळं गाव निपचित पडलेलं, आणि मागच्या बाजूने सरसर असा बारीक आवाज यायचा. वाळलेली माती गळत होती. बाई खिडकीशी उभ्या राहून ऐकायच्या. मी बोलायला गेले की त्यांचा हात वर. "थांब. आइकू दे." एवढ्या हलक्या आवाजाला त्यांचा कान तेव्हा लागत होता, हे मी मुद्दाम सांगून ठेवते. मृग लागायच्या आत मागच्या पट्टीत एक मातीचा ढिगारा आणि भोवती उडणारे प्लास्टिकचे तुकडे एवढंच राहिलं.

"पुन्हा जमवू," बाई म्हणाल्या. पुन्हा जमवल्या. या वेळी वरून तरटाचं पांघरूण घातलं, त्याला पावसाळ्यातच वाळवी लागली आणि दिवाळीच्या आत भिंत पुन्हा ढासळली. तिसऱ्या वर्षी लोकांनी पिशव्या द्यायचं थांबवलं. पेढेच आणायचे, तेही बाईंना चुकवून माझ्या हातात द्यायचे. कमिटीचे एक सभासद माझ्याजवळ म्हणाले, "बाईचं डोस्कं तं ठिकाणावर हाये ना?" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याबद्दल माझी एक पगारवाढ थांबली. पण मातीला पिशवी नव्हती ती नव्हतीच.

पुढचे सात-आठ हिवाळे आम्ही तसेच काढले. किती बाळं ऐकायची राहून गेली, ते मी मोजलं नाही. बाईंनी मोजलं असेल. त्या आता दोन बाळंतपणांच्या मध्ये बोलत नसत. बोळे घालून बसत. बाईंचा हात वर राहण्याचा वेळ वाढत चालला होता. पूर्वी एका श्वासात होणाऱ्या कामाला आता चार-पाच श्वास लागत. आम्हाला वाटायचं, जिनिंगने नवी यंत्रं आणलीत, आवाज वाढलाय. हाक मारली तर त्या ओ देत नसत, पण ती त्यांची जुनीच सवय. माझ्यासारखी रोज शेजारी उभी राहणारी बाई, मलाही काही कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं, असंही असेल.

मग शेठजी गेले. मुलांच्या वाटण्या झाल्या आणि यंत्रं विकली गेली. त्या वर्षी पाडव्याला भोंगा झालाच नाही. सगळं गाव कानकोंडं झालं, माणसं दारात येऊन उभी राहिली. चौथ्या दिवशी एक रेजा कळा देत आली. काम सुटल्यामुळे आधीच रडून डोळे सुजलेले. बाईंनी तिला खाटेवर घेतलं, नळी टेकवली आणि हात वर केला.

अशी शांतता त्या खोलीने कार्तिकात कधी पाहिली नव्हती. वाटीतलं पाणी स्थिर होतं. बाहेर पोपट ओरडत होते. शेवंता मावशीने माझ्याकडे बघून हसून मान डोलावली, की झालं, आता बाईंना कसं स्वच्छ ऐकू येईल.

हात खाली येईना. बोट हलेना. कळ आली आणि गेली. बाईंनी कान बदलला, दुसरा लावला. पुन्हा हात वर. मग त्यांनी मान उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, जिनिंग बंद हाये ना?"

"हो, बाई."

"चार दिवस झाले ना?"

मी मान हलवली.

"मंग हा कोणता आवाज हाये?"

त्यांनी नळी माझ्या हातात दिली. मी वाकले. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. ते बाळ आतून दार ठोठावल्यासारखं चाललं होतं. मी बाईंचा हात धरला आणि त्यांच्या तळव्यावर बोटाने वाजवून दाखवलं. टक, टक, टक, टक. त्या माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगलं हाये. चालू दे," आणि हात सोडवून घेऊन गरम पाण्याचं बघायला गेल्या. मुलगी झाली. तिचं रडणं पार वेशीपर्यंत गेलं असेल.

बाईंनी राजीनामा मला लिहायला सांगितला. अक्षर माझं चांगलं होतं ना. कारण काय लिहू, असं मी पाटीवर लिहून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही, काम उरलं नाई." जाताना नळी टेबलावर ठेवली. बोळ्यांची डबी मात्र घेऊन गेल्या.

माघात मी त्यांना भेटायला पिंपळगाव राजाला गेले. भाऊ म्हणाला, "मळ्यात हाये. दिवसभर तिथंच बसते. घरात आवाज होते म्हणते." वांग्यांच्या वाफ्यांच्या कडेला बाज टाकलेली होती. आजूबाजूला मोट नाही, इंजिन नाही, माणूस नाही. कानांत बोळे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. बाजेवर जागा करून दिली, पाठीवरून हात फिरवला.

मला खूप सांगायचं होतं. त्या रेजाच्या मुलीचं बारसं झालं होतं. तिचं नाव बाईंच्या नावावरून ठेवलं होतं. एवढं सांगण्यासाठी मी तीन तासांची एसटी करून आले होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांचा डावा हात वर गेला. पाची बोटं पसरलेली.

"थांब, पोरी. हे जिनिंग थांबू दे. मंग सांग."

मी थांबले. आम्ही दोघी वांग्यांकडे बघत बसलो. ऊन उतरलं, भावाने लांबून हाक मारली, की एसटीची वेळ झाली. मी उठले तेव्हाही बाईंचा हात खाली आलेला नव्हता.